मध्येच म्हटलेलं आमेन

जयश्रीचं लग्न दोनदा ठरून मोडलं आणि तिसऱ्यांदा एकदाचं लागलं, ते वर्ष दोन हजार अठरा. मे महिना होता. सुरतेच्या डिंडोलीतले पत्रे उन्हाने तडतडत होते आणि धुडकूच्या दारात मांडव पडला होता. मुलाकडची माणसं नाशिकची, शिकलेली. व्याही पोस्टातून निवृत्त झालेले, विहीणबाई शाळेत शिकवायच्या. धुडकूला धास्ती होती, पण ती पोरगी सासरी जाणार म्हणून नव्हती. आपली माणसं या माणसांपुढे तोंड उघडून काय बोलतील, त्याची ती धास्ती होती.

घर ख्रिस्ती असलं तरी खानदेशाकडचं. हळद लागल्याशिवाय लग्न झाल्यासारखं वाटत नाही. फक्त हळदीच्या आधी गीतं होतात आणि प्रार्थना होते. त्या संध्याकाळी पाळक अविनाश म्हणाले, "आज प्रार्थना मुलीच्या आईने करावी."

शोभाबाई उठली. तिने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि रोज चुलीपाशी देवाशी जशी बोलायची तशीच बोलायला लागली, अहिराणीत.

"देवबाप, मनी पोर सासरले जाई राहिनी. तिले भाकरी नीट येत नही, तुले माहीत शे. सकायले लवकर उठत नही, तेबी तुले माहीत शे. तिनी सासूले जरा दम धराले सांग."

विहीणबाई गालात हसल्या. चांगल्या मनानेच हसल्या, पण हसल्या. मुलाच्या आत्याने रुमाल तोंडाला लावला. शोभाबाईचे डोळे मिटलेले, तिला काय कळणार? ती नवरदेवाकडे वळली. "हाऊ पोऱ्या चांगला शे. तेना कान मोठा शेतस, ते बरं शे. मनी पोर भू बोलस, तेले ऐकनं पडी."

आता मांडवभर खसखस पिकली. नवरदेवाचा हात आपोआप कानाकडे गेला. धुडकूला जमीन फाटेल तर बरं असं झालं. आणि तेवढ्यात शोभाबाई म्हणाली, "आनि आते जयश्रीना बापनं सांगस..."

"आमेन!" धुडकू जोरात म्हणाला.

आता असं आहे की, ज्याची प्रार्थना असते तो ती संपवतो आणि मग सगळे आमेन म्हणतात. मध्येच कुणी म्हणत नाही. पण आमेन कानावर पडलं की तोंडाला सवय असते. दीडशे माणसं एका सुरात म्हणाली, "आमेन." प्रार्थना संपली. शोभाबाईने डोळे उघडले. पुढचा शब्द तिच्या तोंडात तसाच होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि खाली बसली. धुडकू लगेच उभा राहिला आणि त्याने स्वतः प्रार्थना केली: हे परमकृपाळू, सर्वसमर्थ पित्या, आम्ही दीन लेकरे तुझ्या चरणी लीन होऊन. अगदी सुरेख झाली. व्याह्यांनी जेवताना मुद्दाम कौतुक केलं.

हे रविवारचं मराठी धुडकूकडे कुठून आलं? तो तर अठ्ठावीस वर्षं लूमवर अंगठा उठवून पगार घेणारा माणूस. पण त्यांच्या चर्चच्या मंडळीत नीलाताई आल्या. त्यांचे यजमान बँकेत, बदली होऊन सुरतेला आलेले. ताई मूळच्या नगरच्या, हाडाच्या शिक्षिका. डिंडोलीत दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत मंडळी भरायची, तिथेच त्यांनी मंगळवारी आणि शुक्रवारी प्रौढांचा वर्ग सुरू केला. पाच जण बसायचे. बावन्नाव्या वर्षी धुडकू 'क' गिरवायला शिकला. पहिल्यांदा शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एक ओळ आपली आपण वाचली तेव्हा तो रडला, आणि दुसऱ्या दिवसापासून मसाल्याच्या पुड्यासुद्धा मोठ्याने वाचायला लागला. शोभाबाईलाही ताईंनी बोलावलं होतं. ती म्हणाली, "ताई, माझे डोळे साड्यांचे धागे कापण्यात जातात. याला शिकवा. हा मला वाचून दाखवेल."

अक्षरांबरोबर धुडकूला शब्दही मिळाले. एकदा नीलाताई सहज म्हणाल्या, "धुडकूभाऊ, तुमची प्रार्थना अगदी आमच्या नगरच्या पाळकांसारखी होते हं." त्या एका वाक्यावर त्याने दोन महिने काढले.

पण त्याआधी, अक्षर ओळखत नव्हता तेव्हा, या माणसाचं देवाशी फार जमायचं. लूमच्या खात्यात असा खडखडाट असतो की शेजारच्याला शिवी दिली तरी ऐकू जात नाही. धुडकू त्या खडखडाटात बारा तास देवाशी ओरडून गप्पा मारायचा. धागा तुटला की सांगायचा, सांधला की सांगायचा. पोरीला ताप आला, शेठ चिडला, भाजीत मीठ जास्त झालं, सगळं सांगायचा. कधी भांडायचा. एकदा तर रागाने तीन दिवस बोलला नव्हता आणि चौथ्या दिवशी त्यानेच आधी तोंड उघडलं होतं. देव बोलायचा का? शब्दात नाही. पण ऐकणारा ऐकतोय, हे माणसाला कळतं.

लग्नानंतर ते गेलं.

लगेच ध्यानात आलं नाही. पोरगी सासरी गेली म्हणून घर रिकामं वाटत असेल, असं त्याला वाटलं. मग लूमवरचं काम सोडून तो पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायला लागला. तिथे आवाज कमी, म्हणून जमत नसेल असं वाटलं. मग ती टाळेबंदी आली, मंडळी मोबाइलवर भरायला लागली, तेव्हा नेटवर्कला दोष दिला. मात्र दोन हजार बावीस साल उजाडलं, सगळं पूर्ववत झालं, आणि धुडकूला कबूल करावं लागलं की प्रार्थना दर रविवारी आधीपेक्षा सुरेख होतेय, लोक डोळे पुसतायत, आणि आपण कोणाशीच बोलत नाही आहोत. तो बोलायचा आणि त्याचं बोलणं त्यालाच ऐकू यायचं. एकटा असला की तोंडच उघडायचं नाही.

त्याने उपास केले. पहिले तीन दिवस निभावले, चौथ्या दिवशी मिलमध्ये चक्कर येऊन तो साड्यांच्या ढिगावर पडला आणि सुपरवायझरने त्याला बळंबळं वडापाव खाऊ घातला. पहाटे उठून गच्चीवर गेला. तिथे शेजाऱ्याची कबुतरं होती. त्यांनी त्याला धड गुडघे टेकू दिले नाहीत. शेवटी तो पाळकांकडे गेला.

पाळक अविनाश आठवडाभर पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचे आणि रविवारी उपदेश करायचे. एका फिल्टरची नळी दातात धरून ते म्हणाले, "धुडकूभाऊ, मध्ये काहीतरी अडकलंय."

"फिल्टरमध्ये?"

"तुमच्यात. कुठेतरी कुणाचं तरी वाईट केलंय तुम्ही आणि विसरलात. देव विसरलेला नाही. शोधा. सापडलं की ज्याचं केलंय त्याच्याकडे जा आणि माफी मागा. नुसती देवाकडे मागून भागणार नाही."

धुडकूला हे एकदम पटलं. कामाची गोष्ट होती. कापडात खोट निघाली की ताका उलगडत मागे मागे जायचं, कुठे तरी धागा तुटलेला सापडतोच. तो घरी आला आणि भिंतीला टेकून आपलं आयुष्य उलगडायला बसला.

शोभाबाई समोर साड्यांचा ढीग घेऊन बसली होती. भरतकामाच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने कापायचे, हे तिचं काम. ती म्हणाली, "काय झालं? पोटात दुखतंय?"

"पाप शोधतोय."

"सापडलं तर सांगा," ती म्हणाली आणि कात्री चालवत राहिली.

पहिलं सापडलं ते भाईदासचं. भाईदास टेम्पो चालवायचा. पंधरा वर्षांपूर्वी धुडकूने लूमच्या खात्यातल्या मास्तरला, म्हणजे मुकादमाला, सांगितलं होतं की भाईदास दारू पिऊन येतो, आणि भाईदासचं ते काम सुटलं होतं. रविवारी दुपारी धुडकू अर्धा किलो नानखटाई घेऊन त्याच्या दारात उभा राहिला. भाईदास खाटेवर आडवा होता. धुडकूने उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि हात जोडले.

भाईदास उठून बसला. "अरे, पण मी पिऊनच यायचो."

"तरी माझं चुकलं. मी तुझ्याशी बोलायला हवं होतं. मास्तरला सांगितलं."

"तू सांगितलं नसतंस तर मी टेम्पो खाडीत घातला असता." भाईदासने पुडा उघडला, एक नानखटाई तोंडात टाकली आणि डोळे बारीक केले. "खरं सांग. निवडणुकीला उभा राहतोयस का?"

"नाही रे बाबा."

"मग डॉक्टरने काही सांगितलं? किती दिवस दिलेत?"

धुडकू घरी आला. गुडघे टेकले. काही नाही. भाईदासचा धागा हा नव्हे.

पुढच्या रविवारी तो चलथाणला गेला. सुरतेत आला तेव्हा पहिले दोन हंगाम त्याने तिथे ऊस तोडला होता आणि तिथे सुपडू त्याच्या कोयत्याचा जोडीदार होता. सुपडू आता म्हातारा झाला होता, साखर कारखान्याच्या रस्त्यावर पानाची टपरी होती त्याची.

"सुपडू, पहिल्या हंगामात तुझी भाकरी आणि ठेचा कुत्र्याने खाल्ला होता, आठवतं?"

"आठवतं तर. आईने गावाहून आणलेला शेवटचा ठेचा होता तो."

"मी खाल्ला होता."

सुपडूने चुना लावायचं थांबवलं. "अरे, आणि मी त्या कुत्र्याला उसाच्या कांडक्याने बदडलं! महिनाभर लंगडत होतं बिचारं."

"म्हणून तर माफी मागायला आलोय."

"माझी कसली मागतोस? त्या कुत्र्याची माग."

"ते कुठे आहे आता?"

"चाळीस वर्षं झाली, धुडक्या! कुत्रं आहे ते, कासव नाही." आणि सुपडू इतका हसला की टपरीवरची बरणी हलली. मग त्याने धुडकूला पान दिलं, चहा दिला, जेवायला थांबवलं. धुडकूला फार बरं वाटलं. पण ते सुपडूला भेटल्याचं बरं वाटणं होतं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून त्याने हळूच हाक मारून पाहिली. पलीकडे तसंच सामसूम.

असे दोन महिने गेले. त्याने माजी शेजाऱ्याची माफी मागितली, घरमालकाची मागितली, एका रिक्षावाल्याची मागितली. रिक्षावाला घाबरून पैसे न घेताच निघून गेला. शोभाबाई दर रविवारी विचारायची, "आज कोणाकडे?" आणि डबा भरून द्यायची.

एकदा ती म्हणाली, "चांगलं चाललंय तुमचं. अर्ध्या सुरतेत आता नानखटाई पोचली."

"थट्टा करू नकोस. माझा जीव चाललाय."

"मी कुठे थट्टा करते," ती म्हणाली. तिने एक धागा कापला, साडी उलटी केली आणि दुसरा शोधायला लागली.

दिवाळी झाली आणि बन्सीलालचा फोन आला. बन्सीलाल म्हणजे धुडकूच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. पलसाण्याला मिलच्या मागच्या चाळीत राहायचा. तो म्हणाला, "मामा, जिजीला डॉक्टरांनी घरी सोडलंय. आता औषध नाही म्हणाले. ती तुम्हा दोघांना बोलवतेय."

जिजी म्हणजे चंचलबाई. आई लवकर गेली, तेव्हा धुडकूला तिनेच कडेवर वाढवलं. घरात प्रभूकडे पहिल्यांदा वळली तीही तीच, आणि मागून बाकीच्यांना ओढून घेऊन आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अंगाने काडी, जिभेने मात्र अजून कुऱ्हाड.

दोघं गेले. खोलीत खाट, खाटेवर जिजी, उशाशी बन्सीलाल, आणि मिलकडून येणारा रंगाचा आंबूस वास. जिजीने धुडकूच्या गालावरून हात फिरवला. "वाळला रे."

"जिजी, मी प्रार्थना करतो," धुडकू म्हणाला. त्याला वाटलं, हीच ती वेळ. आज देव नाही ऐकणार तर कधी ऐकणार? तो उभा राहिला आणि जेवढे शब्द जवळ होते तेवढे सगळे त्याने काढले. करुणासागरा, जगन्नायका, सर्वसाक्षी प्रभो. मृत्यूच्या छायेतून तारणाऱ्या. दहा-बारा मिनिटं चालली. बन्सीलालच्या डोळ्यांत पाणी आलं. धुडकूचे स्वतःचे डोळे मात्र कोरडे होते, आणि मध्येच तो एक शब्द विसरला तेव्हा त्याला जिजीपेक्षा त्या शब्दाचीच काळजी वाटली.

त्याचं झालं. जिजीने एक डोळा उघडला.

"संपलं का?"

"हो, जिजी."

"कोणासाठी होती रे?"

"तुझ्यासाठीच ना!"

"मला वाटलं कलेक्टर आलाय." तिने मान उशीवर वळवली. "शोभाले सांग. शोभा, तू म्हन ना वं. तू म्हनस ते माले समजस. तेलेबी समजत व्हई."

शोभाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती खाली बघत म्हणाली, "जिजी, माले प्रार्थना येत नही."

"कवयपासून येत नही?"

"जयश्रीना लगीनपासून."

तिने हे रागाने म्हटलं नाही. जसं कुणी सांगतं की गुडघा दुखतोय, कधीपासून, तर अमुक पावसाळ्यापासून, तसं म्हटलं. पण धुडकूच्या कानात ते असं शिरलं की त्याला खोलीत उभं राहवेना. तो बाहेर आला.

चाळीच्या मागे नाला होता. त्या दिवशी मिलमध्ये लाल साड्या निघत होत्या, म्हणून नाला लाल वाहत होता. धुडकू काठावरच्या पिंपावर बसला. चार वर्षं! दर रविवारी ती त्याच्या शेजारी बसली होती, गीतं गायली होती, आणि पाळक "कुणी प्रार्थना करील का?" म्हणाले की मान खाली घालून बसली होती. त्याने ते दर वेळी पाहिलं होतं आणि त्याला ते बरंच वाटलं होतं. बाई आता समजूतदार झाली, असं वाटलं होतं. एक मोठ्ठा शब्द बोलून त्याने देवाशी बोलणाऱ्या माणसाचं तोंड बंद केलं होतं, आणि तोही शब्द कुठला, तर देवाचाच. का? तर पोस्टातल्या एका निवृत्त माणसाला आपलं बोलणं गावंढळ वाटू नये म्हणून.

शोभाबाई बाहेर आली. "जिजी थकलीय. पाणी पाजलं."

"तू सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"मी गावभर फिरलो. कुत्र्याची माफी मागायला निघालो होतो. तू डबा भरून देत होतीस! एकदा म्हणायचंस, अहो, पाप घरात आहे."

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. माहीत असून टाळताय." ती थोडी थांबली. "आणि मी कशी सांगू? माझी माफी मागा म्हणून मीच सांगू?"

 धुडकूने भीत भीत विचारलं, "मग तुझंही त्याच्याशी बोलणं तुटलं का? माझ्यामुळे?"

"माझं कशाला तुटेल? लोकांपुढे बोलत नाही, एवढंच. धागे कापताना दिवसभर बोलते की. तुम्ही पाप शोधायला बसायचात ना भिंतीला टेकून, तेव्हाही बोलतच होते. मनात."

"काय बोलायचीस?"

"सांगायचे, हा मानूस बरा शे, फक्त डोकं जाड शे."

धुडकूला हसू आलं आणि ते अर्ध्यात मोडलं. म्हणजे देव घर सोडून गेलाच नव्हता. त्याच घरात, दोन हातांवर, साड्यांच्या ढिगाशेजारी बसून दुसऱ्या माणसाशी बोलत होता. आणि धुडकू त्याला गच्चीवर कबुतरांत शोधत होता.

"बरं," तो म्हणाला, "झालं असेल चुकून. जाऊ दे आता. चल आत, जिजी वाट बघतेय."

"असेल?"

"म्हणजे, झालं. चुकलं."

"दीडशे माणसांपुढे माझं तोंड बंद केलंत, आणि माफी नाल्यापुढे?" शोभाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती जागची हलली नाही. "भाईदासला नानखटाई नेली होतीत."

आता मजा बघा. भाईदासपुढे, सुपडूपुढे, रिक्षावाल्यापुढे हात जोडताना धुडकूला काहीच वाटलं नव्हतं. उलट आपण केवढे नम्र, असं वाटून बरंच वाटलं होतं. आणि इथे, पस्तीस वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईपुढे, हात काही जुळेनात. भाच्यासमोर बायकोची माफी मागायची? बन्सीलाल उद्या मिलभर सांगेल. आणि जिजी तर जाताजाता वर जाऊन आईबापांनाही सांगेल. तो पिंपावरून उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. नाल्याचं पाणी लाल ते लालच वाहत होतं.

मग तो आत गेला. शोभाबाई मागून आली. धुडकू खाटेशी उभा राहिला, आणि त्याने जमवलेल्या शब्दांतला एकही शब्द त्या वेळी त्याच्या मदतीला आला नाही. तो बायकोकडे वळला आणि ज्या बोलीत जन्मला त्या बोलीत म्हणाला, "शोभा, मनं चुकनं. तू देवसंगे बोली राहिंती आनि मी तुले गप करं. माले तुनी लाज वाटनी. तुनी लाज वाटाले नको व्हती. माले माफ कर."

बन्सीलाल छताकडे बघायला लागला. जिजी दोन्ही डोळे उघडून बघत होती, आणि तिला मुळीच थकवा आल्यासारखा दिसत नव्हता.

"कर माफ," जिजी म्हणाली. "लहानपणी चड्डी ओली केली तरी कबूल करायचा नाही हा. एवढं बोलला ते खूप झालं."

शोभाबाईने डोळ्याला पदर लावला. "केलं," ती म्हणाली. "पुन्हा करू नका."

मग तिने जिजीचा हात हातात घेतला.  चार वर्षं चार माणसांत आवाज काढलेला नव्हता. एकदा घसा खाकरला, एकदा हसली, आणि मग एकदम बोलायला लागली.

"देवबाप, जिजी तुनाकडे यी राहिनी. तिना गुडघा दुखतस, तिले जिना चढाले नको लावू. तिले चहा गोड लागस. ती बोलस कडू, पन मनमा काही ठेवत नही. आमले तिनी भू सवय व्हयेल शे, देवबाप. आमनाकडे देख."

धुडकू खाली मान घालून ऐकत होता. त्याला वाटलं होतं, माफी मागितली की छातीवरचा दगड उतरेल, उजेड पडेल, लूमवरचे दिवस परत येतील. तसं काही झालं नाही. त्याला नुसती लाज वाटली, कानापर्यंत. पण चार वर्षांत पहिल्यांदाच ती लाज कुणापुढे तरी वाटत होती. कुणीतरी समोर आहे आणि बघतंय, रागाने नाही, पण बघतंय. त्याचे ओठ हलले. मोठं असं काही तो बोलला नाही. आपण इथे आहोत एवढंच सांगितलं, "मी शे आठे. तू बी शे ना?" आणि मग त्याला इतकं रडू आलं की शोभाबाईला प्रार्थना थांबवून त्याला पाणी द्यावं लागलं, आणि पाणी देऊन तिने जिथे सोडली होती तिथून ती पुढे चालू केली. कुणीही मध्ये बोललं नाही. जिजीचा डोळा लागला तरी ती सांगतच होती.

त्यानंतरच्या रविवारी धुडकू डिंडोलीच्या मंडळीत उभा राहिला. चूक लोकांपुढे झाली, तर कबुलीही लोकांपुढेच, असं त्याचं म्हणणं. त्याने हळदीच्या संध्याकाळपासून सगळं सांगितलं, नानखटाई आणि कुत्र्यासकट. लोक हसले, दोन-चार बायका आपल्या नवऱ्यांकडे बघायला लागल्या. नीलाताई उपासना संपल्यावर त्याच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "धुडकूभाऊ, नगरच्या पाळकांचं मी बोलले होते, ते तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं."

"ताई, अक्षरं तुमची चांगली होती," धुडकू म्हणाला. "माझंच डोकं त्यात फिरलं."

नाशिकला व्याह्यांनाही फोन करतो म्हणून तो हटून बसला. शोभाबाईने मोबाइल हातातून काढून घेतला. "पुरे आता. त्यांना ते आठवतही नसेल. जावयाला उगाच कान आठवतील."

देवाशी त्याचं बोलणं काही एका दिवसात पूर्वीसारखं झालं नाही. रुसलेल्या माणसाकडे पुन्हा जाणं सुरू करावं, तसं ते हळूहळू सुरू झालं. सकाळी मिलच्या बसमध्ये चार शब्द, घड्या घालताना दोन. कधी नुसतं बसणं. काही दिवस पलीकडे पुन्हा सामसूम असायची, पण आता तो घाबरत नव्हता, संध्याकाळी घरी येऊन शोभाबाईला म्हणायचा, "आज तुझ्याशी काही बोलला का?" आणि ती धागे कापत म्हणायची, "बोलला. तुमचं विचारत होता."

ते दोघं एक दिवसाआड पलसाण्याला जात राहिले. जिजी शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि शेवटपर्यंत शोभाबाईलाच प्रार्थना करायला लावत होती. धुडकूला फक्त पाय चेपायचं काम होतं आणि ते त्याने आनंदाने केलं. चंचलबाई गुरुवारी, सतरा नोव्हेंबर दोन हजार बावीस रोजी, सकाळी सव्वानऊ वाजता, बन्सीलालच्या घरी वारली.